रेड्याच्या पाठीवरचं कुंकू

आमच्या रेड्याचं वजन पाच माणसांएवढं होतं, पण भूक पन्नासांची. त्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या की निम्म्या बंगळूरचे दिवे मिणमिणतात, अशी आमच्या प्रयोगशाळेत वदंता होती. ती मीच उठवली होती, आणि ती इतकी पसरली की एकदा वीजखात्याचा माणूस खरंच चौकशीला येऊन गेला. त्याला कॉफी पाजून परत पाठवावं लागलं.

रेडा म्हणजे जनावर नव्हे. लोखंडी पट्ट्यांवर चालणारी, आत माणूस न बसणारी, रणगाड्याच्या पिल्लासारखी दिसणारी गाडी. सरकारी कागदावर तिचं नाव तीन ओळींचं होतं आणि ते उच्चारून होईपर्यंत हातातली कॉफी निवायची. म्हणून रेडा. हा रेडा पुढं एका माणसाच्या पायावरून गेला. त्या माणसाला आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. हे कसं झालं याचा अहवाल सरकारदरबारी आहे, सहीशिक्क्यानिशी. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, तरी तो अहवाल खोटा आहे. मला हे माहीत आहे, कारण त्यातली मुख्य साक्ष माझी आहे.

रेड्याला एक जोडीदारीण होती, घार. हे एक छोटं हेलिकॉप्टर, दोघांनी उचलून न्यावं एवढं. पोटाखाली कॅमेरा, आणि आवाज असा की मैलभरावरच्या म्हशी आटाव्यात. यातही माणूस नाही, खालून रेडिओवर उडवायचं. रेड्याला पाय होते पण डोळे नव्हते. घारीला डोळे होते पण पाय नव्हते. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसवून दोघांना गावाला पोचवायचं, हा आमचा प्रकल्प. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. आज शेंबडं पोरही अशी खेळणी उडवतं. तेव्हा आम्हाला वाटायचं, आपण ब्रह्मदेवाच्या शेजारच्या टेबलावर कामाला आहोत.

सांगड अशी घातली होती. रेड्याच्या पाठीवर परातीएवढी पांढरी थाळी रंगवली होती. घारीचा कृष्णधवल कॅमेरा वरून बघायचा आणि ते चित्र व्हॅनमधल्या संगणकावर यायचं. माझा प्रोग्रॅम त्या चित्रात सगळ्यात पांढरं काय आहे ते शोधायचा आणि त्याभोवती चौकट काढायचा. जे सगळ्यात पांढरं, तो रेडा. ती चौकट ठरलेल्या रेघेच्या डावीकडं दिसली की रेड्याला हुकूम जायचा, उजवीकडं वळ. उजवीकडं दिसली की, डावीकडं वळ. बस्स. या एवढ्याशा 'बस्स'वर आम्ही दोन वर्षं काढली, आणि माझे डोक्यावरचे केस त्याच खात्यात खर्ची पडले.

मैदानावर आम्ही तिघं. घारीवाला नागपूरचा, माझ्याच वयाचा. त्यानं चाचणी चालू असताना नजर आकाशातून खाली आणायची नाही, हा नियम. नजर हलली की घार पडलीच. मी व्हॅनमध्ये, दारं घट्ट लावून, कारण धुळीचा कण आत गेला की संगणक नव्या सुनेसारखा रुसायचा. आणि अण्णा रेड्याच्या बाजूनं चालायचे, दहा पावलं अंतर ठेवून. त्यांच्या हातात लांब तारेच्या टोकाला एक लाल बटण. काही बिनसलं की त्यांनी बटण दाबायचं, रेडा जागच्या जागी थंड. घारीवाला घारीकडं बघणार, मी पडद्याकडं, अण्णा रेड्याकडं. अण्णांकडं बघायला कुणी नेमला नव्हता. हे आता लिहिताना दिसतंय. तेव्हा आराखडा अगदी चोख वाटायचा.

अण्णा आमचे मेकॅनिक, मूळचे चामराजपेटचे. घरात मराठी, पण चार पिढ्या तिथंच गेलेल्या, त्यामुळं त्यांच्या मराठीच्या कडेवर कन्नड बसलेलं असायचं. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, तरी मला 'सर' म्हणायचे. मी सगळ्यांना सांगायचो, अण्णांनी नुसतं खाकरलं तरी बंद इंजिन सुरू होतं. त्यावर ते म्हणायचे, "सर, स्वल्प कमी करा. खाकरून नाही होत. शिव्या द्याव्या लागतात." प्रयोगशाळेच्या वसाहतीत त्यांना दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, दारात अबोलीचा ताटवा लावला होता. वसाहतीतल्या सगळ्या बायकांच्या केसांत तीच अबोली असायची.

आता खंडेनवमी. बंगळुरात त्या दिवशी यंत्रं चालत नाहीत, पुजली जातात. रिक्षापासून रोडरोलरपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं, रस्त्यावर कोहळे फुटलेले, आणि घरी नेताना पिशवीभर चुरमुरे-बत्तासे. आमच्या प्रयोगशाळेत तर दुप्पट. जितकी पदवी मोठी तितकी माळ लांब. मी महाराष्ट्रातून आलेला, मला वाटलं आपणही मागं राहू नये. कोरडं कुंकू उडून जातं म्हणून मी ते खोबरेल तेलात कालवलं, चांगलं वाटीभर, आणि रेड्याच्या पाठीवर चढलो.

"सर, थाळीवर नको," अण्णा खालून म्हणाले. "पुढं लावा, पट्ट्यांना लावा. थाळी घारीची आहे."

"अण्णा, देवाला काय चिखलात बसवायचं? सगळ्यात स्वच्छ जागा हीच."

"स्वच्छ आहे म्हणूनच की."

घारीवाला चुरमुरे खात उभा होता. "लावू द्या ना अण्णा. हा कोणाचं ऐकते का?"

मी तळहातानं स्वस्तिक काढलं. असं मोठं, की इंद्राला स्वर्गातून वाचता आलं असतं.  अण्णा म्हणाले, "सरी. उद्या येऊन मी रॉकेलनं पुसतो." सरी म्हणजे बरं, ठीक; नाइलाज झाला की ते हाच शब्द वापरायचे.

"उद्या दसरा. घरी बसा, अक्कांना सोनं द्या. मी पुसेन."

"नक्की?"

"माझी जबाबदारी."

दसऱ्याला मी श्रीखंड खाऊन झोपलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी होती. देवनहळ्ळीच्या पुढचं माळरान. आता त्या बाजूला विमानं उतरतात, तेव्हा द्राक्षांचे मळे होते आणि मधे तांबडी माती. आमच्या प्रकल्पाचे मुख्य साहेब दोन पाहुण्यांना घेऊन आले होते. रेडा ट्रकमधून उतरवला तेव्हा त्याच्या पाठीवरचं माझं स्वस्तिक उन्हात तेलानं चमकत होतं. रॉकेल आणलं नव्हतं. घारीवाल्याकडं पेट्रोल होतं, मागितलं असतं तर त्यानं दिलं असतं. पण साहेब चार पावलांवर, आणि सरकारी यंत्राच्या ओळखखुणेवर तेल कुणी ओतलं, हे मग सांगावं लागलं असतं. मी कोरड्या चिंध्या घेतल्या आणि घाईघाईनं पुसलं. पांढरी थाळी गुलाबी झाली. बोट लावलं तर बुळबुळीत. व्हॅनमध्ये जाऊन बघितलं, चौकट थाळीवर बरोबर बसत होती. चालतंय, म्हटलं.

अण्णा तेवढ्यात हेल्मेट मागायला गेले होते. हिरवी हेल्मेटं दोनच होती आणि पाहुणे दोन होते. अण्णांनी पिशवीतून पंचा काढून डोक्याला गुंडाळला. अक्का पंचे निळीत घालायच्या. त्या अख्ख्या माळावर, द्राक्षमळे धरून, त्या पंच्याइतकं पांढरं काही नव्हतं.

घार वर गेली. रेडा निघाला. पहिली शंभरेक पावलं असा चालला, जणू लग्नातला वर. पाहुण्यांनी माना डोलावल्या असतील, मी आत होतो. बाहेर पट्ट्यांनी धूळ उडत होती, आणि ती तांबडी धूळ त्या तेलकट थाळीवर थरानं बसत होती. हे मी नंतर जाऊन बघितलं. वरून बघणाऱ्या घारीला हळूहळू ती थाळी आणि जमीन यात फरक उरला नाही. पडद्यावर चौकटीनं एक छोटी उडी मारली. वाऱ्यानं घार हलली, असं मला वाटलं. चौकट परत स्थिर झाली, पांढऱ्या ठिपक्यावर, रेघेच्या जरा डावीकडं.

तो ठिपका अण्णांचं डोकं होतं.

संगणकाच्या मते रेडा डावीकडं भरकटला होता. त्यानं हुकूम दिला, उजवीकडं वळ. रेडा उजवीकडं वळला. पण अण्णा तिथंच होते, रेघेच्या डावीकडं, म्हणून परत हुकूम, उजवीकडं वळ. रेडा जागच्या जागी गरगर फिरायला लागला. अण्णांनी बटण दाबलं असणार, पण पहिल्याच फेरीत तार पट्ट्याखाली येऊन तुटली होती. कुणीही शहाणा माणूस तिथून पळाला असता. अण्णा रेड्याकडं धावले, कारण मुख्य खटका त्याच्या पाठीमागं होता आणि रेडा त्यांच्या भरवशावर सोडलेला होता.

मला पडद्यावर दिसत होतं ते एवढंच: पांढरा ठिपका पुढं सरकत नाही. हिरवा रेडा माळावरच्या झुडपांत पडद्यावर कधी दिसायचाच नाही, त्याचा आम्हाला अभिमान होता. आता रेडा पुढं सरकत नाही म्हणजे अडलाय. तो अडायचाच, दगडाला, खड्ड्याला, शेणाच्या पोवालासुद्धा. आणि अडला की आमची ठरलेली रीत होती, वेग वाढवायचा. मी वेग वाढवला. सरकला नाही, म्हणून आणखी एकदा वाढवला.

मग ठिपका लांबट झाला. पंचा सुटला होता. चौकटीनंही स्वतःला लांबट करून घेतलं. तेवढा हुशार होता माझा प्रोग्रॅम. शेवटपर्यंत त्यानं खूण सोडली नाही. दोन वर्षांत इतका स्वच्छ मागोवा कधी मिळाला नव्हता.

घारीवाल्यानं नियम मोडला आणि खाली बघितलं, म्हणून अण्णांचा जीव वाचला. तो हातातलं यंत्र टाकून धावला आणि त्यानं रेड्याचा खटका ओढला. घार वरच्या वर भेलकांडली आणि द्राक्षांत जाऊन पडली. मी दार उघडून बाहेर आलो तेव्हा सगळं शांत झालं होतं. इतकं शांत, की मळ्यातल्या पंपाचा आवाज येत होता.

जीपमध्ये अण्णांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अर्ध्या वाटेवर त्यांनी डोळे उघडले.

"पुसली होती?" त्यांनी विचारलं.

"पुसली होती," मी म्हटलं.

डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चौकशी महिन्यानं झाली. आत जायच्या आधी साहेबांनी मला व्हरांड्यात गाठलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला सगळं चिठ्ठीवरच्या वाणसामानासारखं स्पष्ट सांगितलं. चूक यंत्राची किंवा आमची निघाली, तर अण्णांना स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळेल, क्वार्टर राहील, पण प्रकल्प बंद होईल आणि कुणाकुणाला जाब द्यावा लागेल. चूक अण्णांच्या निष्काळजीपणाची निघाली, तर प्रकल्प चालेल, अण्णांना घरी जावं लागेल.

"मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही," साहेब म्हणाले. "पण तुम्हाला फुगवून सांगायची खोड आहे. विचारतील तेवढंच बोला."

आत तिघं बसले होते. हेल्मेट होतं का? नव्हतं. डोक्यावर काय होतं? पांढरा पंचा. प्रोग्रॅम काय शोधतो? सगळ्यात पांढरं. निघण्यापूर्वी खूण तपासली होती? हो, चौकट बरोबर बसली होती. आणखी काही सांगायचंय? नाही.

पाच उत्तरं. बाजारातून कोथिंबीर आणली तरी मी त्याचं अर्धा तास वर्णन करायचो. माझ्या आईनं कधी मानलं नसतं की मी एका खोलीत जाऊन पाच उत्तरांत बाहेर आलो. आयुष्यात तेवढ्या एका दिवशी मी काही म्हणजे काही वाढवलं नाही.

अण्णांची साक्ष घ्यायला ते दवाखान्यात गेले होते. अहवालात ती दीड ओळ आहे. घारीबद्दल चार पानं आहेत, कारण घार परदेशी इंजिनाची होती. त्या चार पानांपायी घारीवाल्याची बदली झाली. माणूस वाचवायला यंत्र सोडलं, असं त्यात लिहिलेलं नाही. यंत्र सोडलं, एवढंच लिहिलंय. जाताना तो मला म्हणाला, "तू आत काय बोलला बे?" मी म्हटलं, विचारलं तेवढंच.  तू कधीपासून विचारलं तेवढंच बोलतो, असं काहीतरी तो म्हणणार होता बहुतेक, पण बॅग उचलून निघाला.

अण्णांनी क्वार्टर सोडलं त्या दिवशी सामान टेम्पोत चढवायला मी होतो. अक्कांनी अबोलीची रोपं मुळासकट काढून तेलाच्या डब्यांत लावली होती. एकेक डबा त्या माझ्या हातात देत होत्या आणि मी टेम्पोत रचत होतो. "नीट धरा सर," म्हणायच्या. मी नीट धरत होतो.

प्रकल्प चालला. त्या दिवशीच्या चित्रीकरणाचा सुरुवातीचा तुकडा पाहुण्यांना दाखवला जायचा, रेडा सरळ चालतोय तिथवरचा. चौकट उडी मारायच्या आधी कॅसेट थांबवायचे. ते थांबवण्याचं काम माझ्याकडं होतं. दोनेक वर्षांनी प्रकल्प आपोआपच बंद पडला, फायली बंद पडतात तसा.

अण्णांनी चामराजपेटेत मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचं दुकान टाकलं. घरालाच लागून, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं फुटपाथवर उभं राहायचं असं. मी दर खंडेनवमीला जायचो. अण्णा करंडा माझ्या हातात द्यायचे. "लावा सर, तुमचा हात सढळ." मी पंख्यांना, मिक्सरना, पक्कडीला, सगळ्याला कुंकू लावायचो. मग ते मला गोष्टी सांगायला लावायचे. रेड्यानं देवनहळ्ळीच्या मळेवाल्याचा पाठलाग कसा केला, घार एका लग्नात कशी उतरली आणि भटजींनी तिच्यावर अक्षता कशा टाकल्या. अण्णा स्क्रूड्रायव्हर दातांत धरून हसायचे. गिऱ्हाईकं काम झालं तरी उठायची नाहीत.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी एक बाई मिक्सर घेऊन बसल्या होत्या, गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या. त्यांनी सहज विचारलं, "अण्णा, पाय कशानं गेला तुमचा?"

"हे सर सांगतील," अण्णा म्हणाले. "यांच्यासारखं कुणाला सांगता येत नाही."

मी सांगितलं. रेडा कसा माजला, बॅटरी पिऊन कशी त्याच्या डोक्यात गेली, अण्णा शिंगाला धरून कसे लोंबकळले, पाहुणे कसे झाडावर चढले. हात हलवून, आवाज काढून. बाई पदरानं डोळे पुसत हसत होत्या. अण्णाही हसत होते. हसता हसता त्यांनी मिक्सरचं बूड उलटं केलं आणि वर न बघता म्हणाले, "सर, त्यात कुंकू राहिलं की."

 बाईंना वाटलं गोष्टीत अजून गंमत आहे, त्या वाट बघत राहिल्या. मग मी सांगितलं. थाळीवर कुंकू मी लावलं, तेलातून. अण्णा नको म्हणत होते. पुसतो म्हणालो आणि धड पुसलं नाही. त्या खोलीत पाच उत्तरं दिली होती, सहावं तिथं दिलं. बाईंचं हसू चेहऱ्यावरच राहून गेलं. मिक्सर उद्या नेते म्हणाल्या आणि उठल्या.

अण्णा स्क्रू आवळत होते. "दवाखान्यात ते लोक आले," ते म्हणाले. "हेल्मेट नव्हतं का म्हणाले. नव्हतं म्हटलं. सही करा म्हणाले. मी केली. कुंकवाचा विषय मी काढला नाही. म्हटलं, ते सर सांगतील. यांना कुठं गेलं तरी काहीतरी सांगायलाच लागतं, तिथं कसे गप्प बसतील."



अक्का आतून चुरमुऱ्यांची ताटली आणि करंडा घेऊन आल्या. त्यांनी करंडा नेहमीप्रमाणं माझ्यासमोर ठेवला. अण्णांनी हात लांब करून तो आपल्याकडं ओढला. कुबडी काखेत घेऊन उठले आणि एकेका यंत्रापाशी जाऊन करंगळीनं कुंकू लावत गेले, प्रत्येकाच्या बुडाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तिळाएवढं. दहा-बारा यंत्रं होती. बराच वेळ लागला. मी ताटलीतले चुरमुरे खात बसलो, कारण हातांना दुसरं काम नव्हतं.

एरवी मी निघालो की ते म्हणायचे, पुढच्या खंडेनवमीला या. मी चपला घातल्या आणि म्हटलं, "येतो अण्णा."

त्यांनी उलट्या मिक्सरवरून मान वर केली.

"सरी, सर," ते म्हणाले.